दमट हवेत घरातला टोमॅटो : तंबू, दिवा, पंखा यांचा तयार संच आणि त्यात नसलेले यंत्र

घरातील एखाद्या खोलीत कृत्रिम प्रकाशावर भाजी पिकवण्यासाठी जे तयार संच मिळतात, त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या संचाचे हे परीक्षण आहे. संचात ८० सेंमी लांब, तेवढाच रुंद आणि १६० सेंमी उंच असा आतून चकचकीत अस्तर लावलेला तंबू, १०० वॉटचा एलईडी दिवा, चार इंची एक्झॉस्ट पंखा आणि त्याची नळी, वास अडवणारा कार्बन फिल्टर, टायमर, आर्द्रतामापक आणि कापडी कुंड्या एवढ्या वस्तू येतात. यात मी बुटक्या ठेवणीच्या संकरित चेरी टोमॅटोचे पीक घेतले. बाहेरची हवा कायम दमट असल्यामुळे संचाची खरी परीक्षा तेथेच झाली. मत आधीच सांगतो : तंबू उत्तम आहे, जाहिरातीतील आकडे विसरल्यास दिवाही चांगला आहे, पंखा कामापुरता आहे, आर्द्रतामापक विश्वास ठेवण्याजोगा नाही; आणि ज्या यंत्रावाचून दमट हवेत पीक हाती लागणे कठीण, ते हवेतील ओलावा काढून घेणारे डिह्युमिडिफायर संचात नाहीच, पण त्याची गरज पडेल असा शब्दही माहितीपत्रकात नाही.

तंबूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो आपले काम मुकाट्याने करतो. सांगाडा लोखंडी नळ्यांचा आहे, वरच्या आडव्या दांड्या दिवा, पंखा आणि फिल्टर यांचा भार वाकल्याशिवाय पेलतात, चेन जाड आहे आणि बंद केल्यावर उजेडाची रेघ बाहेर येत नाही. खालच्या बाजूची जाळी लावलेली हवेची तोंडे मात्र लहान आहेत, त्यामुळे पंखा जोरात लावला की तंबूच्या भिंती आत ओढल्या जातात आणि कडेच्या फांद्या कापडाला टेकतात. टेकलेले पान ओले राहते आणि ओले पान सडते, म्हणून कुंड्या भिंतीपासून तळहातभर आत ठेवणे बरे. एवढ्या जागेत दोन झाडे सुखाने वाढतात. माहितीपत्रकावरील चित्रात चार दाखवली आहेत, ती चित्रातच शोभतात.

दिव्याच्या खोक्यावर ‘१००० वॉटच्या तोडीचा’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. वीज मोजणारे साधे मीटर लावून पाहिले तेव्हा तो १०० वॉटच घेतो, आणि यात काही गैर नाही, फक्त खरेदी त्याच आकड्यावर करावी. बरे एलईडी दिवे एका वॉटमागे साधारण २.५ मायक्रोमोल प्रकाशकण दर सेकंदाला देतात (मोल हे प्रकाशकण मोजण्याचे एकक, मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग). म्हणजे १०० वॉटमध्ये २५० मायक्रोमोल, आणि ०.६४ चौरस मीटर जागेवर ते काहीही वाया न जाता पसरले तर चौरस मीटरमागे ३९० च्या आसपास. दिवा १६ तास चालू ठेवला तर दिवसाची बेरीज २२ मोलच्या वर जाते. टोमॅटोला फळे भरण्यासाठी दिवसाला २० ते ३० मोल प्रकाश लागतो, त्यामुळे हा दिवा आपल्या तंबूला जेमतेम पुरतो असे म्हणता येईल. प्रकाश वाढवावा म्हणून दिवा चोवीस तास चालू ठेवण्याचा मोह टाळावा. अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडून खराब होतात, त्याला रात्र लागतेच. प्रकाश कमी-जास्त करण्याची कळ दिली आहे, ती या संचातील सर्वांत उपयोगी सोय ठरली. तिचा उपयोग पुढे सांगतो.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. या संचाची आखणी अशी आहे की आतली हवा दमट झाली तर पंख्याने ती बाहेर फेकावी आणि बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी. बाहेरची हवाच कोरडी नसेल तर काय, हा प्रश्न आखणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान आणि ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या ९५ टक्के बाष्प, आहे असे धरू. हीच हवा तंबूत येऊन २६ अंशांपर्यंत तापली तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ६६ टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण गरम हवेत बाष्प सामावण्याची क्षमता अधिक असते. म्हणजे दिवा चालू असताना तंबूला कोरडे ठेवण्याचे श्रेय पंख्याचे कमी आणि दिव्याच्या उष्णतेचे जास्त असते. पंखा पूर्ण वेगाने लावला तर ही उष्णताच निसटते. पंख्याची प्रत्यक्ष क्षमता ताशी १८० घनमीटर धरली तर १०० वॉटची उष्णता एवढ्या हवेला जेमतेम दीड-पावणेदोन अंश तापवते. वेग ताशी ५० घनमीटरवर आणला तर तीच उष्णता हवेला सहा अंशांपर्यंत वर नेऊ शकते. तंबूचे आकारमान एक घनमीटरच्या आसपास असल्यामुळे कमी वेगातही हवा मिनिटाला जवळजवळ एकदा बदलते, आणि तेवढे पुरे होते. त्यामुळे माहितीपत्रकातील ‘दमट वाटल्यास पंखा वाढवा’ ही सूचना दमट हवेत नेमकी उलटी पडते.

हा हिशोब रोपे लहान असेपर्यंत चालतो. झाड जे पाणी मुळांतून घेते त्यातील बहुतेक सगळे, शेकडा ९७ च्या वर, पानांतून हवेत सोडते. दोन भरलेली झाडे दिवसाला दीड लिटर पाणी पिऊ लागली की तेवढेच पाणी बाष्प होऊन तंबूत येते आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ०.६८ युनिट ऊर्जा लागत असल्यामुळे दिव्याच्या १.६ युनिटांपैकी एक युनिट त्यातच खर्ची पडते. हवा तापवायला उष्णता उरते थोडी आणि ओलावा वाढतो पुष्कळ. पीक जोमात येते नेमके तेव्हाच हा संच आपल्या मर्यादेला पोहोचतो.

आणि मग रात्र होते. दिवा विझताना तंबूत २६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, म्हणजे आकडे अगदी पुस्तकात शोभतील असे असतील, तरी हवा २० अंशांपर्यंत निवताच तीच आर्द्रता ९३ टक्क्यांवर जाते. कोणी पाणी घातलेले नसते, पंखाही चालू असतो, तरी पहाटे पानांच्या कडांवर आणि जुन्या फुलांच्या पाकळ्यांवर ओलसरपणा धरलेला असतो. करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, याहून अधिक काही लागत नाही : १५ ते २५ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता किंवा ओला पृष्ठभाग, आणि सुरुवात करायला एखादी वाळलेली पाकळी किंवा छाटलेल्या फुटव्याची जखम. पानांच्या खालच्या बाजूला शेवाळी-तपकिरी मखमल धरणारी पानांची बुरशी ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता सलग राहिली की फोफावते. तिला प्रतिकार करणारे संकरित वाण मिळतात आणि बियाण्याच्या पाकिटावर तसे छापलेले असते. घरात दमट हवेत लावायचे असेल तर चवीची वर्णने वाचण्याआधी ती अक्षरे वाचावीत. करड्या बुरशीच्या बाबतीत मात्र वाणाच्या प्रतिकारशक्तीवर भिस्त ठेवता येत नाही. तेथे हवा कोरडी ठेवणे हाच उपाय आहे.

रोगाखेरीजही दमटपणा पीक खातो, आणि ते नुकसान सहसा खताच्या माथी मारले जाते. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागावर फळते, पण पराग सुटा होऊन झडावा लागतो. हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असेल तर पराग गोळा होऊन बसतो आणि फुले देठापासून गळतात. दिवा लागून काही तास झाले, आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांत आली की विजेवर चालणाऱ्या दात घासण्याच्या ब्रशची पाठ फुलांच्या घोसाच्या देठाला क्षणभर लावावी. पिवळी धूळ उडताना दिसली तर हवा योग्य आहे असे समजावे. दुसरे नुकसान फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडण्याचे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते. मुळांशी पाण्याची ओढाताण झाली की तो पुरवठा तुटतो आणि सतत दमट, साचलेल्या हवेत झाडाचे पाणी ओढणे मंदावल्यानेही कॅल्शियमची चणचण होते. अशा वेळी कॅल्शियमचे खत ओतत राहून काही हाती लागत नाही.

तेव्हा संचाबरोबर डिह्युमिडिफायर घेणे दमट हवेत ऐच्छिक नाही. कोणते घ्यावे याबाबत मात्र बाजारात बराच घोळ आहे. पेल्टिअर पद्धतीचे, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेने गार होणाऱ्या पट्टीवर पाणी जमवणारे छोटे, देखणे, आवाज न करणारे डबे ‘तंबूसाठी खास’ म्हणून विकले जातात. त्यांतले बरेच दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी काढतात, तेही हवा उबदार आणि भरपूर दमट असेल तर, आणि त्यासाठी लिटरमागे कॉम्प्रेसरच्या यंत्राच्या कित्येक पट वीज घेतात. दीड लिटर बाष्प सोडणाऱ्या दोन झाडांपुढे असा डबा ठेवणे व्यर्थ आहे. मी कॉम्प्रेसर असलेले, दिवसाला १२ लिटर क्षमतेचे यंत्र वापरले. हा १२ लिटरचा आकडाही जपून वाचावा. तो सहसा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. २० अंश आणि ६० टक्क्यांना तेच यंत्र निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाणी काढते, आणि खोली १५ अंशांच्या खाली गेली तर त्याच्या गार नळ्यांवर बर्फ धरून त्याचा बराच वेळ तो वितळवण्यात जातो. तशा थंड खोलीसाठी ओलावा शोषणाऱ्या झिओलाइट या खनिजाच्या चाकावर चालणारे यंत्र योग्य, पण ते वीज अधिक खाते आणि उष्णताही अधिक सोडते. उलट हवा दमट असून उष्णही असेल तर साधा एअर कंडिशनर अधिक उपयोगाचा, कारण डिह्युमिडिफायर हवा कोरडी करतो तशी खोली गरमही करतो आणि रात्री फार उकाडा राहिला तर टोमॅटोला फळधारणा होत नाही.

यंत्र तंबूच्या आत ठेवू नये. आत ठेवले की तापमान चढते, जागा जाते, आणि यंत्राच्या गरम झोताने जवळची पाने करपतात. ते खोलीत ठेवावे, खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, तंबूने खोलीतील कोरडी हवा आत घ्यावी आणि पंख्याने दमट हवा खोलीतच सोडावी. पंख्याची नळी खिडकीबाहेर काढली तर जितकी हवा बाहेर जाते तितकीच नवी दमट हवा फटींतून खोलीत येते, आणि यंत्र मग साऱ्या आसमंताची हवा कोरडी करण्याच्या कामाला लागते. खोलीत माणसांचा वावर असेल तर झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडण्याची चिंता नको.

यंत्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मी सांगेन, आणि त्या तिन्ही जाहिरातीत सहसा नसतात. वीज जाऊन परत आल्यावर ते आपोआप पूर्वीच्या स्थितीत सुरू व्हायला हवे. नुसत्या स्पर्शाच्या कळांची काही यंत्रे बंदच राहतात, आणि हे पहाटेच्या आधी कळत नाही. दुसरे म्हणजे पाण्याच्या नळीची जोडणी हवी, कारण टाकी भरली की यंत्र थांबते आणि टाकी भरण्याची वेळ नेमकी मध्यरात्र असते. तिसरे, आतली जाळी बोटांनी काढून धुता आली पाहिजे, धूळ बसली की पाणी काढण्याचा वेग लक्षात येण्याइतका घटतो. यंत्र बाहेरच्या टायमरवर वारंवार चालू-बंद करू नये. कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर किमान तीन मिनिटांची विश्रांती लागते. विजेचा हिशोबही आधीच मांडलेला बरा : दिवा १६ तासांत १.६ युनिट घेतो, तर २४० वॉटचे हे यंत्र दिवसाला आठ तास चालले तरी १.९ युनिट. म्हणजे दमट हवेत प्रकाशापेक्षा कोरडी हवा महाग पडते. संच विकणारे केवळ दिव्याचा खर्च सांगतात, तो निम्माही नव्हे.

यंत्राच्या जोडीला वेळांची नीट मांडणी केली तर त्याचे काम बरेच हलके होते. दिव्याचे तास बाहेरच्या थंड वेळेत ठेवावेत, म्हणजे संध्याकाळी लावून सकाळी उशिरा बंद करावा. झाडाची ‘रात्र’ मग दुपारच्या उबेत येते आणि दिवा विझल्यावरची तापमानाची घसरण सहा अंशांऐवजी दोन-तीन अंशांवर येते. प्रकाश कमी-जास्त करण्याची कळ येथे कामाला येते : दिवा एकदम न विझवता शेवटच्या तासात टप्प्याटप्प्याने मंद करावा आणि यंत्र त्याच्या अर्धा तास आधीपासून ५५ टक्क्यांवर लावून ठेवावे. पाणी दिवा लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांतच द्यावे. अंधारापूर्वी भिजवलेली कुंडी रात्रभर वाफ सोडत बसते, शिवाय वरचा थर सतत ओला राहिला की बुरशीवर जगणाऱ्या बारीक काळ्या माश्या हटत नाहीत. बुंध्याजवळची, मातीकडे झुकलेली पाने काढून टाकावीत आणि बगलेतील फुटवे दिवा विझण्याच्या तोंडावर न खुडता दिवा लागल्यानंतर खुडावेत, म्हणजे जखम लगेच वाळते.

तंबूच्या आत हवा फिरवणारा छोटा पंखा संचात नाही, ही दुसरी उणीव. एक्झॉस्ट पंखा हवा बदलतो, पण पानांच्या दाटीत ती हलवत नाही, आणि आर्द्रतामापकाने ६५ टक्के दाखवले तरी दाटीच्या आत पानाला चिकटलेला हवेचा थर त्याहून बराच दमट असतो. दांड्याला अडकवता येणारा पंखा वेगळा घ्यावा लागतो. तो रात्रीही चालू ठेवावा, आणि झोत पानांवर न रोखता त्यांच्या वरून किंवा खालून जाईल असा वळवावा.

आर्द्रतामापकाची तपासणी घरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर ओल्या वाळूइतपत चिकटून येईल एवढे पाणी टाकावे आणि मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. २५ अंशांना डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, कारण ते मिठाच्या संपृक्त द्रावणाचे भौतिक वैशिष्ट्य आहे. संचातील मापकाने ६८ दाखवले. चूक सात अंकांची आहे आणि ती नको त्या दिशेची आहे, कारण तो ८३ असताना ७६ सांगून निश्चिंत ठेवतो. वेगळा मापक घ्यावा, शक्य तर किमान आणि कमाल आकडा लक्षात ठेवणारा, आणि तो पानांच्या उंचीवर पण दिव्याच्या थेट उजेडापासून आडोशाला टांगावा.

कार्बन फिल्टरबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो या संचात का असतो असा प्रश्न अनेकांना पडतो. अशा तंबूंची बाजारपेठ मुळात गांजाच्या लागवडीभोवती वाढली, तेथे वास अडवणे महत्त्वाचे, म्हणून तीच यादी भाजीपाल्यासाठीही जशीच्या तशी विकली जाते. टोमॅटोच्या पानांचा वास कोणाला खटकत असेल तर गोष्ट निराळी, एरवी फिल्टर काढून ठेवावा. तो हवेचा प्रवाह अडवतो, पंख्याचा आवाज वाढवतो, आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की कोळशाची वास धरण्याची क्षमताही घटते. त्याच्या बदल्यात संचात छोटा पंखा आणि बरा मापक दिला असता तर दमट हवेतील ग्राहकाला त्याचा खरोखर उपयोग झाला असता.

कापडी कुंड्यांना बाजूंनीही हवा लागते, त्यामुळे मुळे गोल फिरत नाहीत आणि कोकोपीट, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, लवकर सुकते. कोरड्या हवेत हा गुण आहे. दमट हवेत त्यांच्या सगळ्या अंगातून वाफ निघते आणि तळाशी पांढरी बुरशीही धरते. मी त्यांच्याऐवजी खाली भोके असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंड्या वापरल्या आणि त्या तळाच्या तबकापासून थोड्या उचलून ठेवल्या. टायमर यांत्रिक, चाकाचा आहे. तो चालतो, पण वीज गेल्यावर मागे पडतो.

दुसऱ्या पिकाआधी तंबू रिकामा करून आतले अस्तर साबणाच्या पाण्याने आणि नंतर सौम्य ब्लीचने पुसावे लागते. अस्तर हे सहन करते, शिवणींवरचे धागे मात्र कापसासारखे ओलावा धरतात आणि तेथे काळे ठिपके राहतात. चेनीच्या पट्टीखालीही असेच. सुटे कापड या संचासाठी वेगळे मिळत नाही, म्हणून पुसल्यानंतर तंबू उघडा ठेवून डिह्युमिडिफायर एक पूर्ण दिवस त्याच्यासमोर चालवावा आणि शिवणी हाताला कोरड्या लागल्यावरच नवी रोपे आत न्यावीत.